पस्तीस वर्षांचा बँड आणि माझे कान

आमच्या किनाऱ्यावर रॉक बँड म्हटला की तो एकच होता. मालवणपासून खाली शिरोड्यापर्यंत कुणाचं लग्न असो, चर्चचं फेस्त असो, नाहीतर अलीकडे पर्यटकांसाठी भरतात ते महोत्सव असोत, स्टेजवर तीच चार माणसं दिसायची. दोघे भाऊ, थोरला लीड गिटारवर आणि धाकटा ड्रमवर. बास गिटारवर शाळेतले एक मास्तर, गायचेही तेच. आणि कीबोर्डवर थोरल्याची बायको. पस्तीस वर्षांत ड्रमवाल्याला टक्कल पडलं, मास्तर निवृत्त झाले, पण बँडमधलं माणूस बदललं नाही. ज्यांच्या लग्नात त्यांनी वाजवलं, त्यांच्या मुलांच्या लग्नातही त्यांनीच वाजवलं. लोक म्हणायचे, थोरल्याची गिटार रडते. माझ्यासमोर कुणी असं म्हटलं की मी विषय बदलायची.

मी चर्चच्या क्वायरमास्तरची मुलगी. वडील व्हायोलिन शिकवायचे आणि सूर चुकला की चुकणाऱ्याच्या बोटांवर गज मारायचे. मला मुळाक्षरांच्या आधी नोटेशन वाचता येत होतं. पियानोच्या परीक्षा मी गोव्यात जाऊन दिल्या. एकोणीस वर्षांची होते तेव्हा हा बँड नवाच निघाला होता. थोरला जहाजावरची स्टुअर्डची नोकरी सोडून इलेक्ट्रिक गिटार घेऊन गावी आला होता, आणि त्यांच्याकडे कीबोर्ड वाजवायला कुणी नव्हतं. एका रविवारी मी त्यांच्या प्रॅक्टिसला गेले आणि म्हटलं, मी वाजवते. त्याने माझ्याकडून दोन गाणी वाजवून घेतली.

"हात बरो आसा गो तुझो," तो म्हणाला. "पण तू वाजवलंस काय माका चर्चीत बसल्यासारख्या वाटता. रॉक शिकान येणा नाय. ता हाडात आसूचा लागता."

बाकीचे दोघे हसले. ते वाईट हसले नव्हते, पण हसले. तीन वर्षांनी त्याने लग्न केलं आणि बायकोला कीबोर्डवर बसवलं. तिला तोवर एका हाताने साधी प्रार्थना वाजवता येत नव्हती. सगळं त्यानेच शिकवलं.

मी गोव्याला शाळेत संगीत शिकवायला गेले. लग्न केलं नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा परत आले, ते गेल्यावर इथेच राहिले. घरी मुलांना पियानो शिकवते. मुलं मला घाबरतात. त्यांच्या आईबापांना ते आवडतं.

दोन वर्षांपूर्वी इथल्या बीच महोत्सवाची कमिटी बदलली. तोवर शेवटच्या दिवशीचा कार्यक्रम न विचारता या बँडला मिळायचा. नव्या कमिटीत तरुण माणसं होती. त्यांनी ठरवलं, गावचे सगळे बँड आधी ऐकायचे, मग निवडायचे. ऐकायला तिघांना बोलावलं. एक हॉटेलमालक, एक हार्मोनियम शिकवणारे गृहस्थ, आणि मी.

आदल्या दिवशी संध्याकाळी थोरला माझ्याकडे आला. हातात सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पिशवी होती.

"मार्कांसाठी इलंय असां समजू नको," पायरीवर बसत तो म्हणाला. "आमका घेतल्यानी नाय तरी चलात. पण माका एक खरां सांग. पस्तीस वर्षां लोक टाळये वाजवतत. शिकलेल्या माणसान कधी सांगूक नाय, आमी कशे वाजवतो ता. तुझे कान पक्के. उद्या आयक आणि सगळ्यांचा सांग. माझापण."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. भियाचा कित्याक?"

"तुमका सोसवात?"

तो हसला. "जहाजावर वादळां बघलंय गो मी."

हसताना त्याने पिशवी माझ्यापुढे केली. त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं अर्धवट वाकलेलीच राहिली होती. सरळही होत नव्हती, मिटतही नव्हती. गिटारच्या तारा त्याच हाताने दाबायच्या असतात. मी ते पाहिलं. सुंगटं ठेवून घेतली.

ऑडिशन शाळेच्या हॉलमध्ये दुपारी होती. पंखे फिरत होते आणि गरम हवाच ढवळत होते. आधी कॉलेजच्या मुलांचे दोन बँड वाजवून गेले. एक बरा होता, एक नुसता मोठ्याने वाजवणारा. ती मुलं मागे खुर्च्यांवर थांबली, म्हाताऱ्यांना ऐकायला. आम्हा तिघांचं टेबल मिक्सरला लागून होतं. मिक्सरवर कुडाळचा एक पन्नाशीचा साउंडवाला बसला होता. या बँडबरोबर तो वर्षानुवर्षं फिरलेला.

पहिलं गाणं इंग्रजी होतं. दुसरं त्यांचं स्वतःचं, मालवणी, ज्याच्या मधे थोरल्याची लांबलचक गिटार येते आणि लोक ज्याच्यासाठी थांबतात. थोरला पुढे आला, डोळे मिटले, मान मागे टाकली. गिटार सुरू झाली. मागे बसलेल्या मुलांपैकी कुणीतरी शिट्टी मारली.

मी ऐकत होते, आणि मला ते फार स्वच्छ वाटलं. गिटारच्या तारेवर बोट घसरतं, नख लागतं, एक सूर जाड येतो तर एक बारीक. हे सूर साच्यातून काढलेल्या नेवऱ्या-करंज्यांसारखे सगळे सारखे होते. मग मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. सूर वर चढला तेव्हा हात अजून खालीच होता. हात वर गेला तोवर सूर परत उतरला होता.

मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिला मी वयनीच म्हणते. तिचा उजवा हात कीबोर्डच्या वरच्या टोकाला पळत होता, नजर नवऱ्याच्या हातावर. तो जरा सरकला की ती तिकडे सरकायची. तो थबकला की ती सूर लांबवायची. कीबोर्डमध्ये गिटारचा आवाज असतो, हे मी कैक वर्षं मुलांना शिकवते आहे.

मिक्सरवर प्रत्येक वाद्याची एक सरकती दांडी असते, तिला फेडर म्हणतात. वर सरकवली की ते वाद्य हॉलमध्ये मोठं होतं, तळाला नेली की गप्प. लीड गिटारचा फेडर तळाला होता.

"ह्यो खाली कसो?" मी साउंडवाल्याला विचारलं.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वयनीन सांगलेला आसा. तेंचो असोच ठेवतंय मी."

"कधीपासून?"

"धा-बारा वर्षां झाली असतली." मग त्याच्या ध्यानात आलं की तो परीक्षकाशी बोलतो आहे. आवाज खाली आणून म्हणाला, "तेंका म्हायत नाय हां. तेंच्या पायाकडच्या स्पीकरात वयनीचाच सोडतंय. तेंका वाटता आपणच वाजवतंव."

म्हणजे दहा-बारा वर्षं हा माणूस डोळे मिटून बायकोचे सूर ऐकत होता आणि ते आपले समजत होता. किनाराभर लोक टाळ्या वाजवत होते तिच्यासाठी, आणि वाकून नमस्कार करत होता तो. खरंच त्याला काही कळलं नसेल का, हे मी आजही सांगू शकत नाही. माणसाला जे ऐकायचं नसतं ते तो ऐकत नाही, एवढं मात्र मी शिकवताना पाहिलेलं आहे.

मी हात पुढे केला आणि तो फेडर वर सरकवला. पार वरपर्यंत.

हॉलमध्ये एकदम दुसरीच गिटार आली. अर्धवट दाबलेल्या तारांची खरखर, मधेच एखादा खरा सूर, तोही उशिरा आलेला, आणि परत खरखर. वयनीच्या स्वच्छ सुरांच्या मागे ती पाय ओढत चालली होती. मागच्या मुलांपैकी एक हसला, मग दोघं-तिघं. एकाने मोबाइल वर धरला.

"खाली घे गो बाय," साउंडवाला पुटपुटला. "खाली घे."

मी बोट फेडरवर तसंच ठेवलं. ड्रमवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मास्तरांनी पाहिलं. वयनीने पाहिलं आणि मान हलवली. नको, एवढंच. थोरल्याचे डोळे अजून मिटलेले, चेहऱ्यावर तेच समाधान. वयनीने पाच-सहा मात्रा वाट बघितली असेल. मग तिने उजवा हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवला.

आता हॉलमध्ये फक्त तो होता. त्याने डोळे उघडले. आधी पायाकडच्या स्पीकरकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग आपल्या डाव्या हाताकडे. मला वाटलं थांबेल. थांबला नाही. ती सगळी गत त्याने वाजवली, शेवटपर्यंत, त्या दोन चालत्या बोटांनी, प्रत्येक चूक हॉलभर ऐकू येत असताना. मास्तर पुढचं कडवं गायला विसरले. गाणं तिथेच संपलं.

तो माइकपाशी आला. "सांग आता," मला म्हणाला.

हॉटेलमालक म्हणाले, मार्क लिहून देऊ की, बोलायची काय गरज. थोरला म्हणाला, "नाय. आमचा ठरलेला आसा."

मी उभी राहिले. घरी, बाजारात मी या माणसांशी मालवणीतच बोलते. तेव्हा मी मुद्दाम ऑफिसातलं मराठी काढलं.

"ड्रम," मी म्हटलं. "ताल धरता येतो, सांभाळता येत नाही. प्रत्येक गाणं सुरू केलंत त्याहून जलद संपवलंत, जेवायची घाई असल्यासारखं. मास्तर, बासवर तुम्हाला चार सूर येतात. पण ते चारही वेळेवर आणि जागेवर येतात, हे मोठं आहे. आवाज मात्र गेला. वरची पट्टी लागत नाही आणि तुम्ही ते ओरडून झाकता. कीबोर्ड. या बँडमध्ये वाजवणारं माणूस एकच आहे, आणि ते कीबोर्डवर बसतं. लोक ज्या गिटारसाठी येतात ती यांच्या उजव्या हातात आहे."

मी पाणी प्यायले. मला घाई नव्हती.

"आणि लीड. लीड नाहीच. गेली दहा-बारा वर्षं तुम्ही वाजवलेलं कुणीही ऐकलेलं नाही. तुमचा आवाज बंद ठेवलेला असतो. आज तो पहिल्यांदा चालू झाला. बंद ठेवत होते तेच बरोबर होतं."

मागची मुलंही आता हसत नव्हती. थोरल्याने बायकोकडे वळून विचारलं, "खरां काय गो?"

ती कीबोर्डची वायर गुंडाळत होती. "तुमची बोटां दुखा होती," ती म्हणाली. "म्हटलंय, थोडे दिवस."

"तुका म्हायत होतां?" त्याने भावाला विचारलं. भाऊ ड्रमच्या काठ्या पुसत राहिला. मास्तरांना विचारलं नाही. मास्तरांनी आपणहून मान खाली घातली.

त्याने गिटार गळ्यातून काढली, खुर्चीवर आडवी ठेवली, आणि बाहेर नळावर जाऊन हात धुतले. खिडकीतून दिसत होतं. बराच वेळ धूत होता.

वयनी माझ्या टेबलापाशी आली. "तेनी तुका खरां सांग म्हटल्यानी, म्हणान तू सांगलंस. ता बरोबर," ती म्हणाली. "पण फेडर वर करूक तुका कोणी सांगूक नव्हता."

"आयकल्याशिवाय मार्क कशे देवचे?" मी म्हटलं.

 आम्ही मार्क दिले. कॉलेजच्या बऱ्या बँडला कार्यक्रम मिळाला. घरी जाताना मला हलकं वाटत होतं. फ्रिजमधल्या सुंगटांचं तिखलं केलं आणि रोजच्यापेक्षा जास्त जेवले.

बँड त्या दिवसापासून वाजला नाही. मुलाने काढलेला तो मोबाइलवरचा तुकडा गावभर फिरला, मग तालुकाभर. कुणी त्यावर कोंबडा ओरडल्याचा आवाज जोडला होता. मलाही तीन ठिकाणांहून आला.

महिन्याभराने थोरला परत माझ्या पायरीवर आला. या वेळी हातात पेन ड्राइव्ह होता. त्यात लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ होते, घरोघर जाऊन मागून आणलेले.

"ह्येच्यात मी खंय आसंय ता दाखव," तो म्हणाला. "बायल सांगणा नाय. म्हणता, सोडा तो विषय. तुका कळतलां."

मी लॅपटॉप लावला. तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. वेंगुर्ल्याचं एक लग्न. स्टेजवर तो, नवरा-नवरी समोर नाचताहेत.

"वयनी," मी म्हटलं.

दुसरं. "वयनी."

"ह्या? ह्या तरी? ह्याच्यात बघ, मी वाकान वाजवतंय."

"ह्यापण वयनीच. तुमी वाकल्यात, पण ता वयनीन वाजवला."

असे आम्ही दोन दुपारी बसलो. त्याने एका वहीत लग्नांची यादी केली होती, माझ्या प्रत्येक उत्तरासरशी तो एक ओळ खोडायचा. मी एकदाही चुकले नाही आणि एकदाही घाई केली नाही. एका व्हिडिओत स्वतःच्या मुलीच्या लग्नात तो वाजवत होता, रडत रडत. मी ऐकलं आणि म्हटलं, "नाय." त्याने ती ओळ जरा हळू खोडली.

दुसऱ्या दिवशी उठताना त्याने खिशातून एक कॅसेट काढली. जुनी, वरचा कागद पिवळा पडलेला. बँडच्या पहिल्या वर्षी चर्चच्या फेस्ताला कुणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरली होती.

"ह्येच्यात माझी बायल नाय," तो म्हणाला. "तेवा लग्न खंय झालेला? ह्येच्यात माझीच बोटां. ह्या आयक आणि सांग."

माझ्याकडे वडिलांचा कॅसेट प्लेअर अजून चालू होता. मी कॅसेट घातली. आधी लोकांचा गलका, कुणाचं तरी मूल रडत होतं, मग गाणं, आणि मग ती गिटार.

ती चांगली होती. मी हे साध्या शब्दांत लिहिते, कारण तेव्हा बोलले नाही. ताल थोडा पुढे पळत होता, दोन जागा चुकल्या होत्या, पण प्रत्येक सूर त्या माणसाचाच होता. खालून वर ओढलेली तार अशी जात होती की माझ्या मानेवर काटा आला. जन्मभर मी परीक्षा घेतल्या. असा हात मला दोनदाच, फार तर तीनदा ऐकायला मिळाला असेल. त्याला नोटेशनचं एक अक्षर येत नव्हतं. मी एकोणीस वर्षांची असताना मला नाकारलं ते या हाताने, आणि तेव्हा त्याला तो हक्क होता, हे मला त्या दुपारी त्याच्या शेजारी बसून कळलं.

कॅसेट संपली, बटण खट्कन वर आलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. दोन दिवस इतक्या ओळी खोडूनही त्या चेहऱ्यावर अजून आशा होती. ती मला बघवेना.

"साधा आसा," मी म्हटलं. "शिकणाऱ्या पोरांचा असता तसा."

"म्हणजे... तेवापण नाय?"

"तेवापण नाय."

त्याने मान हलवली. वाद घातला नाही. माझ्या कानांवर त्याचा इतका विश्वास बसला होता, आणि तो मीच एकेक खरं सांगून बसवला होता. "बरां झालां सांगलंस," तो म्हणाला. "लोक उगाच कायपण बोलतत." जाताना कॅसेट टेबलावर राहिली. मी हाक मारली नाही. त्यानेही नंतर मागितली नाही.

ती अजून माझ्याकडे आहे. मी कधी कधी ऐकते.

या वर्षी धामापूरच्या बाजूला एका लग्नाला गेले होते. दुपारचं जेवण, मांडवात माणसं मावत नव्हती. कोपऱ्यात वयनी एकटीच कीबोर्ड वाजवत होती, तालाला यंत्र लावलं होतं. आता तिला बोलावणी येतात. भाऊ आणि मास्तर तिच्याबरोबर नसतात. थोरला होता. तिचा स्टँड त्याने उभा केला होता, वायरी त्याने जोडल्या होत्या, आणि तिच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तो हात मांडीवर ठेवून बसला होता. किती म्हातारा दिसायला लागला आहे.

मी ताट घेऊन जवळच उभी होते. नवरीचा कुणी मामा, बऱ्याच वर्षांनी आखातातून आलेला, थोरल्याला ओळखून लगबगीने त्याच्याकडे गेला.

"अरे, गिटार खंय तुझी?" मामाने विचारलं. "माझ्या लग्नात वाजवलंस ती अजून माझ्या कानात आसा. आज वाजवणार नाय?"

मामाचं लग्न नव्वद सालच्या आसपासचं असणार. म्हणजे त्या दिवशी त्याने स्वतः वाजवलं होतं, स्वतःच्या पाच बोटांनी.

थोरल्याने हसून मान हलवली. "नाय रे," तो म्हणाला. "तुका आठवणा नाय. माका कधी वाजवूक येयच नव्हता."

मामा गोंधळला. थोरल्याने माझ्याकडे बोट केलं. "हिका विचार. हिका कळता."

मामाने माझ्याकडे पाहिलं. वयनीनेही वाजवता वाजवता मान वळवली. माझ्या तोंडात घास होता. मी तो सावकाश चावला आणि गिळला.

"होय," मी म्हटलं.